‘राजाने जमीन दिली’ म्हणणाऱ्या वाचकांस

किर्लोस्कर उद्योगाचा पाया घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. नाव नाही, फक्त ‘एक वाचक’. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी त्यातलं मुख्य वाक्य जसंच्या तसं देते: ‘राजाने ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये दिल्यावर जिद्द कुणालाही परवडते.’ त्याआधी माझ्या लेखाला ‘भाबडी व्यक्तिपूजा’ म्हटलंय. नंतर लक्ष्मणरावांच्या थोरल्या भावाला, रामुअण्णांना, मी वगळलं, शेतकऱ्यांना अंधश्रद्धाळू ठरवलं, जातीबद्दल गप्प बसले, बुडालेल्या कारखानदारांचं नावही घेतलं नाही, अशी यादी आहे. आणि शेवटी, ‘असे लेख पोट भरलेली माणसंच लिहू शकतात.’

या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले, हे आधीच सांगते. मतभेद चालतात. मला न ओळखता माझ्या पोटापर्यंत पोहोचायचं कारण नव्हतं.

रामुअण्णांचं म्हणणं मान्य. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत होते तेव्हा बेळगावात सायकलींचं दुकान थोरल्या भावानं सांभाळलं. मुंबईहून आलेल्या सायकली ते विकायचे, १५ रुपये घेऊन गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. एक परिच्छेद त्यांचा व्हायला हवा होता, तो मी लेखात घालते.

आता त्या वाक्याकडे येऊ. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन आणि कर्ज दिलं हे मीच लेखात लिहिलं होतं. तुम्ही काही दडवलेलं उघड केलेलं नाही. प्रश्न एवढाच, की ते कधी दिलं? १९१० साली. आणि बेळगावातलं दुकान १८८८चं. मधली २२ वर्षं तुमच्या वाक्यात कुठे आहेत?

ती वर्षं आणि त्याच्या आधीची कशी गेली तेही बघा. हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि तिथे कळलं की डोळ्यांना काही रंग ओळखूच येत नाहीत. रंग सुटले, यंत्रांची रेखाटनं हातात राहिली. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी मिळाली, आणि बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियनला दिली गेली. माणूस नोकरी सोडून बेळगावात परतला. कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केले. ते नांगर घ्यायला कुणी तयार नव्हतं, पहिला विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमीन नासते ही समजूत तेव्हा होती, ती मी लिहिली, यात शेतकऱ्याचा अपमान कुठे झाला मला कळत नाही. आयुष्यभर लाकडी नांगर धरलेला माणूस नवं अवजार लगेच घेत नाही, एवढंच ते आहे. मग जम बसत आला तेव्हा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली आणि कारखाना उठवायची पाळी आली.

इतकं झाल्यावर राजा आला. तोही आकाशातून पडला नाही. औंधला बांधकामाच्या निमित्तानं त्यानं या माणसाचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. दिलेली जमीन काय होती? कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ. निवडुंग आणि नाग. तिथे जवळपास २५ कामगार आपापली बायकामुलं घेऊन लक्ष्मणरावांच्या भरवशावर राहायला गेले. पाणी, घरं, कारखान्याचं छप्पर, सगळं तिथूनच उभं करायचं. त्या ३२ एकरांवर मी आणि तुम्ही पहिल्या रात्री राहिलो असतो का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. तुम्ही ‘जमीन दिली’ असं लिहिता तेव्हा वाचणाऱ्याला पुण्यातला प्लॉट डोळ्यांसमोर येतो.

आता पोट भरलेल्या माणसांविषयी.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करते, म्हणजे दुसऱ्यांच्या ऑर्डरीचं मशीनकाम करून देते. वडील फाउंड्रीत मोल्डर होते. पहिला लेथ जुनाच घेतला, आईच्या पाटल्या मोडून. कर्जाला बँकेत गेले तेव्हा साहेबांनी फाईल उघडायच्या आधी विचारलं, ‘मिस्टर आले नाहीत का?’ मिस्टर शाळेत शिक्षक आहेत, त्यांना टर्निंग आणि मिलिंग यातला फरक ठाऊक नाही, पण सही त्यांची हवी होती. तारणाला काही नव्हतं, म्हणून प्रकरण नामंजूर झालं. पुढे एका मोठ्या गिऱ्हाइकानं पूर्ण लॉट रिजेक्शनमध्ये काढला, माल परत दिला नाही आणि बिलही दिलं नाही. त्या दिवाळीत मी शेडमधल्या पोरांचा बोनस सोनाराकडे जाऊन भागवला, तेव्हा घरात काय शिजत होतं ते तुम्हाला सांगायची मला गरज नाही. मला कुठल्या राजानं काही दिलं नाही. तरी शेड चालू आहे, संगणकावर चालणारं सीएनसी मशीनही आलं, पाच घरं त्यावर चालतात. जिद्द परवडते की नाही हा हिशेब मी स्वतः मांडलेला आहे, दुसऱ्याच्या लेखाखाली बसून नव्हे.

जातीचा मुद्दा मोठा आहे, तो चार ओळींत उरकण्यासारखा नाही, म्हणून इथे घेत नाही. त्या माळावर उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा लक्ष्मणरावांचा नियम होता आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी राखणीला ठेवलं, एवढं मात्र विसरू नका. बुडालेल्यांची नावं का नाहीत, तर माझा लेख किर्लोस्करांवर होता. बुडालेल्यांवर तुम्ही लिहा, मी जरूर वाचेन.

‘भाबडी’ या शेऱ्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हा लेख मी माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोरांसाठी लिहिला होता. आयटीआय करून आलेला एक मुलगा परवा मोबाईल पुढे धरून म्हणाला, ‘ताई, हे म्हणतायत राजा लागतो. मग आपलं काय?’ त्याला मी काय सांगायला हवं होतं? की लागतो, तेव्हा तू घरी जा? किर्लोस्करांनी १९१०च्या आधी काय केलं, तेच मी त्याला सांगितलं. सायकलीचं दुकान सांगितलं, न विकलेले नांगर सांगितले. तो ऐकत होता. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांच्या एका ओळीनं त्या वयाच्या पोराचा हात मशीनवरून सुटतो, हे लिहिताना ध्यानात आलं नसेल, पण तसं होतं.

तुमचा अभ्यास असावा असं भाषेवरून वाटतं. म्हणूनच जास्त लागलं. पोरकट शिवी असती तर डिलीट केली असती.

पुढचा लेख पहिल्या महायुद्धाच्या वर्षांवर आहे. परदेशी नांगर यायचे थांबले, मागणी वाढली आणि त्याच वेळी इथे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा वाडीत काय चाललं होतं त्यावर. तुमची प्रतिक्रिया खाली तशीच राहील, मी तिला हात लावलेला नाही. पुन्हा लिहावंसं वाटलं तर लिहा, मात्र नाव घालून लिहा. माझं वर आहेच.