एका गावात दोन गावं

परवा एका मैत्रिणीने इनबॉक्समध्ये लिहिलं, "तुमची काय बाबा मजा, बारा महिने सुट्टीच!" तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं.

सुट्टी वगैरे काही नाही. आम्ही दोघंही लिहून पोट भरतो. मी भाषांतरं आणि सदरं लिहिते, नवरा यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो आणि उरलेल्या वेळात कथा. गेली चार वर्षं आम्ही वर्षातले सात-आठ महिने परदेशात असतो आणि आता एका गावात निदान सहा आठवडे राहतो. याला हल्ली 'स्लो ट्रॅव्हल' म्हणतात. ऐकायला फार ध्यानस्थ वाटतं. आमचं कारण मात्र अगदी रुक्ष आहे: प्रवासाच्या दिवशी लिहून होत नाही. आणि तो काही एकच दिवस नसतो. आदल्या दिवशी जीव बॅगांमध्ये अडकलेला, दुसऱ्या दिवशी नव्या घरातला गिझर कुठून सुरू होतो ते शोधण्यात. मुक्काम हलवला की तीन-चार दिवस गेलेच. पहिल्या वर्षी आम्ही दर आठ-दहा दिवसांनी गाव बदलत होतो, म्हणजे बघा. दोन डेडलाइन हुकल्या. एक सदर मी विमानतळावर फरशीवर बसून, खांबाला पाठ टेकून लिहिलं. छापून आल्यावर ते वाचायची हिंमत मला अजून झालेली नाही.

व्हिसाबद्दल सगळेच विचारतात, म्हणून ते उरकून टाकते. युरोपात शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम १८० दिवसांत ९० दिवसांचा. लोकांना वाटतं, ९० दिवस झाले की एकदा बाहेर पाऊल टाकायचं आणि परत यायचं. तसं नसतं. तुम्ही तिथे असाल त्या प्रत्येक दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात तुमचे ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत. देश कितीही बदला, हिशेब एकच. आल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो दिवस खर्ची पडला. पूर्वी मधले दिवस काढायला लोक क्रोएशियात जाऊन राहायचे, पण १ जानेवारी २०२३ पासून तोही शेंगेनमध्ये आला. नवरा या सगळ्या तारखा एका वहीत मांडतो. पुष्कळ देशांत वर्षात १८३ दिवस भरले की तिथल्या करखात्याचा संबंध येतो, म्हणून तीही ओळ त्याच वहीत.

त्यात पर्यटक म्हणून जाऊन लॅपटॉपवर काम करायचं की नाही, हा घोळ वर्षानुवर्षं होताच. आता हळूहळू सुटतोय. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये आणि न्यूझीलंडने जानेवारी २०२५ मध्ये पाहुण्यांना बाहेरच्या देशातलं आपलं काम करायला स्वच्छ शब्दांत परवानगी दिली. एस्टोनियाने २०२०मध्येच अशा कामकऱ्यांसाठी वेगळा व्हिसा काढला होता, मग पोर्तुगाल, थायलंड, जपान असे बरेच आले. जपानचा सहा महिन्यांचा, आणि तिथल्या तिथे वाढवून मिळत नाही. पण हे सगळं दर महिन्याला ठरावीक पैसे येणाऱ्यांसाठी बेतलेलं. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. लेखकाचं मासिक उत्पन्न म्हणजे काय हो? मार्चमध्ये मानधन, मग जुलैपर्यंत 'बिल अकाउंट्सकडे पाठवलंय'. शिवाय अर्जात मुख्य अर्जदार एकच, दुसरा अवलंबित. कागद कोणाचे नियमित, तर माहितीपुस्तिकावाल्याचे. कागदोपत्री मी अवलंबित! दोन दिवस मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

एक गोष्ट टोचते, तीही सांगते. आमच्यासारखे महिना-दीड महिना राहणारे लोक वाढले की गावातली घरं गावकऱ्यांच्या हाताबाहेर जातात. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा हजारांवर घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. मला ते पटतं. आम्ही शक्यतो कुणाच्या राहत्या घरातली खोली घेतो, पण म्हणून आमचे हात स्वच्छ आहेत असा दावा नाही.

आता मुख्य मुद्दा. तो व्हिसाचाही नाही आणि पैशांचाही नाही.

पहिल्या, धावपळीच्या वर्षातली गोष्ट. एका लाँड्रीत आम्ही कपडे वाळायची वाट बघत होतो. एक म्हातारे गृहस्थ मोठी डबल चादर घेऊन उभे. दोन टोकं हातात, उरलेली दोन जमिनीला लागतायत. त्यांनी ती एकदा झटकली, थांबले, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. रोज तिथे कुणीतरी उभं असायचं, हे कळायला भाषा लागत नव्हती. नवरा उठला आणि त्याने ती दोन टोकं उचलली. दोघांनी मिळून घडी घातली. एक शब्द नाही.

त्या रात्री मी ते सदरात लिहिलं. त्याच रात्री, त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, त्याने ते कथेत लिहिलं.

जे भांडण झालं ते विचारू नका. "टोकं मी उचलली!" "बघत मी होते!" दोन्ही मुद्दे बरोबर, हीच पंचाईत. शेवटी सदर गेलं, कारण त्याला तारीख होती. कथा अजून त्याच्या फोल्डरमध्ये पडून आहे.

धावत फिरताना दोघं सगळं एकत्रच बघतात. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काही उरत नाही, आणि लिहायला दोघांकडे मिळून एकच दिवस. मुक्काम लांबला तसं हे सुटलं. आता सकाळी तो टेकडीच्या बाजूला जातो, मी नदीच्या. दुपारी घरातलं एकुलतं टेबल साडेचारपर्यंत माझं, नंतर त्याचं. बरी खुर्ची दिवसाआड. रात्री दोघं आपापलं गाव घेऊन येतो. गाव एकच, पण त्याच्यात गॅरेजं, बसचा डेपो आणि भांडखोर कुत्री, माझ्यात वाचनालय आणि नदीवर रोज तेच पुस्तक उघडून झोपणारी बाई. दुसऱ्याच्या गावावर लिहायचं नाही, एवढा एकच नियम.

मागच्या मुक्कामात त्याच्या गावात एक घड्याळं दुरुस्त करणारा होता. दीड महिना मी रोज त्याच्याबद्दल ऐकत होते: त्याचं भिंग, त्याचा खोकला, त्याच्या भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळातली वेगळी वेळ. निघायच्या दिवशी नवरा म्हणाला, "चल, आता तरी दाखवतो." मी नाही म्हटलं. बॅग भरायचीय, असं कारण दिलं. तो एकटाच निरोप घ्यायला गेला आणि हसत परत आला.

म्हटलं, काय झालं?

म्हणाला, "त्याने विचारलं, तुझी बायको खरंच आहे ना?"