‘इंजिनाचा आवाज कुणाच्या मालकीचा?’ फिरत असलेल्या एका मेसेजला उत्तर

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय. त्याचा आशय असा: विमानतळांची माहिती सरकारी, म्हणजे सगळ्यांची. आवाज इंजिनाचा, त्यावर कॉपीराइट कसला? जुनी सॉफ्टवेअरं बेवारस पडली आहेत. कंपन्याच चोर आहेत. आणि आपण तर फुकट वाटतो, मग ही चोरी कशी? त्याखाली नेव्हिगेशन डेटाच्या (विमानाला मार्ग दाखवणाऱ्या माहितीच्या) आणि साउंड पॅकच्या (विमानांच्या आवाजांच्या) लिंका. हा मेसेज पाठवणारे बरेचसे माझ्या ओळखीचे आहेत, माणसं चांगली आहेत. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आवाजापासून सुरुवात करतो, कारण त्यात मी स्वतः राबलेलो आहे.

इंजिनाच्या आवाजावर कुणाची मालकी नाही, हे खरंच. पण तुम्ही कॉपी करता ते इंजिन नसतं, कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रण ही स्वतंत्र कृती आहे आणि प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं तिला संरक्षण आहे. त्याच विमानाजवळ परवानगी घेऊन उभे राहा, स्वतः रेकॉर्ड करा, कुणी अडवणार नाही. मी तेच केलं होतं. एका फ्लाइंग क्लबच्या परवानगीने पहाटे सेसना १७२ जवळ रेकॉर्डर घेऊन उभा राहिलो, वाऱ्याची घरघर नको म्हणून माइकला केसाळ टोपी चढवलेली. प्रशिक्षकांनी माझ्यासाठी इंजिन आधी १००० आरपीएमवर ठेवलं, मग १२००, १५००, १८००, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट. पूर्ण थ्रॉटल मात्र काही सेकंदच, कारण जमिनीवर उभ्या विमानाचं इंजिन तापतं. पुढचे तीन आठवडे घरी हेडफोन लावून एकच काम: प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट असे जुळवायचे की लूप फिरताना मध्ये ‘टक’ ऐकू येता कामा नये. १००० च्या तुकड्यात एक टिटवी डोक्यावरून ओरडत गेली होती. ती काही पूर्ण निघेना, तशीच राहिली.

ते आवाज मी फुकट दिले. सोबतच्या रीडमी, म्हणजे सूचनांच्या, फाइलमध्ये एवढंच लिहिलं: हवे तसे वापरा, दुसऱ्या पॅकमध्ये घालायचे असतील तर आधी विचारा. काही महिन्यांनी मी सिम्युलेटरसाठी एका पायपर विमानाचं पॅक विकत घेतलं. इंजिन चालू केलं, बाहेरचा कॅमेरा लावला, आणि दर सहा सेकंदांनी तीच टिटवी. विकणाऱ्याने माझ्याकडून थेट उचललं नव्हतं. मधल्या कुणीतरी ‘फुकटच आहे की’ म्हणत रीडमी काढून पुढे वाटलं होतं, आणि त्याने ते तिथून घेतलं होतं. ‘आम्ही पैसे घेत नाही’ या वाक्याचा पुढचा प्रवास असा होतो.

आणि गरज तरी काय होती? मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या एफएसएक्स या सिम्युलेटरमध्येसुद्धा साउंडच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एलियस’ची एक ओळ लिहिली की तुमचं विमान दुसऱ्या विमानाच्या फोल्डरमधले आवाज वाजवायचं. एकही वेव्ह फाइल कॉपी न करता. ज्याच्याकडे मूळ विमान आहे त्याला आवाज मिळणार, नाही त्याला नाही. फुकट विमानं बनवून देणाऱ्या कितीतरी जुन्या मंडळींनी हा सरळ मार्ग धरला होता.

आता डेटा. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, आणि ते मी मान्य करतो. धावपट्टीची लांबी, रेडिओ बीकनची फ्रिक्वेन्सी, वेपॉइंटचे, म्हणजे हवाई मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूंचे, अक्षांश-रेखांश या नोंदींवर कुणाची मालकी नाही. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची एआयपी, म्हणजे विमानतळांची आणि हवाई मार्गांची अधिकृत माहितीपुस्तिका, कुणीही उघडून वाचू शकतो. पण तुम्ही ज्या लिंकवरून फाइल उतरवता ती एआयपी नसते. एआयपीतला अप्रोचचा, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याचा, नकाशा माणसाने बघायचा असतो. विमानातल्या संगणकाला तो कळण्यासाठी एरिन्क ४२४ नावाच्या मानकात उतरवावा लागतो, एकेक नोंद १३२ अक्षरांची. या टप्प्यावर पुढच्या बिंदूकडे सरळ जायचं, की अमुक उंची येईपर्यंत दिशा धरून राहायचं, की ठरलेल्या त्रिज्येने वळायचं, हे कुणीतरी बसून ठरवतं आणि तपासतं. दर २८ दिवसांनी एआयआरएसीचं, म्हणजे ही माहिती बदलण्याच्या ठरलेल्या वेळापत्रकाचं, नवं चक्र येतं आणि बदललेलं सगळं पुन्हा करावं लागतं. नवी मुंबईसारखा नवा विमानतळ आला की तिथल्या सगळ्या प्रोसीजर (उड्डाणाचे आणि उतरण्याचे ठरलेले मार्ग) पहिल्यापासून. सिम्युलेटरवाल्यांना डेटा पुरवणारी स्वीडनची नॅव्हिग्राफ हा डेटा जेप्पेसन या विमान-नकाशांच्या कंपनीकडून परवान्याने घेते, आपली वर्गणी त्यासाठी असते.

कायदाही हाच फरक करतो. आपल्या कायद्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणकीय डेटाबेसही येतात. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की निकालपत्राचा मूळ मजकूर सगळ्यांना खुला आहे, पण त्यावर संपादकांनी कौशल्य आणि विवेक वापरून जे काम केलं, ते त्यांचं. युरोपात तर डेटाबेस उभा करण्यासाठी घातलेल्या कष्ट-पैशाला १५ वर्षांचं वेगळं संरक्षण आहे.

फुकटच हवं असेल तर मार्ग आहेत. अमेरिकेचं हवाई वाहतूक प्राधिकरण एफएए आपल्या हद्दीतला डेटा एरिन्क ४२४ मध्येच, दर २८ दिवसांनी, मोफत देतं. अवरएअरपोर्ट्स या संकेतस्थळाची विमानतळांची यादी सार्वजनिक आहे. स्वतः कोड करायला बसलात तर एआयपी आहेच.

‘जुनं ते बेवारस’ हे तर अगदीच तकलादू. एफएसएक्स बनवणारा स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला, पण तोच एफएसएक्स डिसेंबर २०१४ मध्ये स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात पुन्हा विक्रीला आला. टीम विखुरली म्हणून हक्क संपत नाहीत.

‘कंपन्याच चोर’ म्हणताना २०१८ ची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे. सिम्युलेटरसाठी विमानं बनवणाऱ्या फ्लाइट सिम लॅब्स या कंपनीच्या ए३२० च्या इन्स्टॉलरमध्ये क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड काढणारा प्रोग्रॅम सापडला. चोरीचा सीरियल नंबर वापरणाऱ्याला पकडण्यासाठी तो ठेवला होता, असं कंपनीने सांगितलं, आणि बोभाटा झाल्यावर काढून टाकला. ते कृत्य अक्षम्य होतं, मी तेव्हाही तेच म्हणत होतो. पण त्यामुळे तिसऱ्याच माणसाचं रेकॉर्डिंग उचलायचा हक्क आपल्याला कुठून मिळतो?

राहिला ‘फुकट वाटतो’चा मुद्दा. कॉपीराइट कायद्याचं कलम ५१ वाचा. व्यापारासाठी वाटणं हे उल्लंघन आहेच, पण मालकाच्या हिताला बाधा येईल इतकं वाटणं हेही उल्लंघन आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, कृत्य मात्र गुन्हाच राहतं. ‘स्वतःच्या वापरासाठी’ची जी सूट कलम ५२ मध्ये आहे, तिच्यातून संगणक प्रोग्रॅम स्पष्ट शब्दांत वगळले आहेत.

कुणी फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरचं उदाहरण देतं: ते तर लोक विकतातसुद्धा! हो, कारण त्याचं जीपीएल लायसन्स विकायला परवानगी देतं, सोर्स कोड देण्याच्या अटीवर. ती परवानगी बनवणाऱ्यांनी स्वतः लिहून दिली आहे.

माझ्या सेसनाचे आवाज अजूनही फुकट आहेत, टिटवीसकट. पॅकमध्ये घालायचे असतील तर एक ओळ लिहून विचारा. आजवर ज्यांनी विचारलं, त्यातल्या एकालाही मी नाही म्हटलेलं नाही.