टिकिटं किती बंद केली?

आज दुपारी ऑफिसच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले. तिमाहीचं बक्षीस जाहीर झालं, सगळ्यात जास्त टिकिटं, म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवलेल्या तक्रारी, बंद करणाऱ्याला. पोरगा स्टेजवर, हातात व्हाउचर, मागे स्क्रीनवर त्याचा आकडा. त्याच यादीत सगळ्यात खाली जिचं नाव होतं ती माझ्या टीममधली पोरगी शेजारी बसून मनापासून टाळ्या वाजवत होती. ते मला पाहवलं नाही. आयटी पार्कसमोरच्या टपरीवर येऊन बसलोय, चहा थंड झालाय, आणि लिहितोय.

तिनं काय केलं ते हॉलमध्ये कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. आमचा एक रिपोर्ट दर महिन्याच्या एक तारखेला चुकायचा. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदी आधीच्या महिन्यात जाऊन बसायच्या. मग दिवसभर टिकिटांचा पाऊस. बक्षीसवाला पोरगा एकेक नोंद हातानं सरकवायचा, टिकिट बंद करायचा, पुढच्या महिन्यात परत तेच. दोन वर्षं! हिनं नऊ दिवस जुना कोड वाचला. सर्व्हर चालतो यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे एक तारखेचे पहाटेचे तीन वाजले तरी सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊच. चार ओळी बदलल्या आणि पाऊस थांबला. नऊ दिवसांत तिच्या नावावर बंद टिकिट किती? एक.

मला बाबा आठवले. नागपूरच्या महाल भागात त्यांचं कूलर दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसवर आणि कूलर बंद म्हणजे घरात हाहाकार. एका गिऱ्हाइकाचा पंप दरवर्षी जळायचा. आधीचे मेकॅनिक दरवर्षी नवा पंप टाकायचे, पैसे घ्यायचे. बाबांनी टाकीत हात घालून तळ चाचपला. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि कूलरच्या ताट्यांतल्या वुडवूलचा कचरा खाली साचायचा, पंप त्या गाळात बसून जाम व्हायचा. त्यांनी पंपाखाली विटेचा तुकडा ठेवला, तोंडाला जाळी बांधली, टाकीला आतून डांबर लावलं. तो माणूस परत दुकानात आलाच नाही. आई म्हणाली, "बांधलेलं गिऱ्हाईक घालवलं तुम्ही." बाबा म्हणाले, "त्याच्या घरी रात्री लेकरं झोपते नं आता."

टिकिटं मोजली असती तर बाबा यादीत सगळ्यात खाली असते.

मला कळते, चारशे माणसांच्या कंपनीत कोण काय करतो हे एकाच्या नजरेत मावत नाही, काहीतरी मोजावं लागतेच. ठीक आहे, मोजा. पण जे मोजाल तेच पिकेल, हे ज्याला शेताचा बांध माहीत आहे त्यालाही कळते. टिकिटं बंद करण्याचे पैसे द्याल तर टिकिटं येत राहणं सगळ्यांच्याच फायद्याचं होते. मूळ दुखणं बरं करणारा माणूस मग सगळ्यांच्या पोटावर पाय देणारा ठरतो. त्या पोराचा मला राग नाही. त्याच्या घराचा हप्ता त्या रेटिंगवर चालतो. राग आहे तो हा आकडा ठरवणाऱ्यांचा, ज्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही की दर एक तारखेलाच हा गोंधळ काहून होते!

१९८२ साली ॲपलमध्ये लिसा कॉम्प्युटरचं काम चालू होतं. मॅनेजरांनी टूम काढली, आठवड्यात किती ओळी कोड लिहिला त्याचा फॉर्म भरा. बिल ॲटकिन्सननं नुकताच पडद्यावर चित्र काढणारा एक भाग नव्यानं लिहून जवळपास सहापट वेगवान केला होता, आणि त्यात दोनेक हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यानं फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. चाळीस वर्षं उलटली राजेहो, आणि आपण अजून तोच फॉर्म भरतोय.

आणि २०२४ चा मार्च आठवा. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला दिसलं की एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कोणी लक्षही देत नाही. हा खोदत गेला आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला, जो जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत पसरण्याच्या बेतात होता. त्या अर्ध्या सेकंदाचं टिकिट कोणी काढलं नव्हतं. त्याला ते खुपलं, एवढंच. असं खुपणारी माणसं म्हणजे आपली जमात. शनिवारी रात्री दोनपर्यंत जुना राउटर उघडून बसणारी, कोणी न सांगता लॉग वाचणारी. यांना तुम्ही व्हाउचरनं तयार करू शकत नाही. पण आकड्यांनी घालवू मात्र शकता, आणि आज मी ते डोळ्यांसमोर होताना पाहिलं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. बाबा लूनावरून घरी येताना कधी कधी त्या माणसाच्या गल्लीत वळायचे. मागे मी बसलेलो असायचो. खिडकीपाशी लूना बंद करून ते मिनिटभर नुसते ऐकायचे. पंप कुरकुरतोय का, पाणी सारखं पडतेय का. आत कोणाला कळायचंही नाही. मग लूना सुरू करून आम्ही घरी. त्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते मला आज स्टेजवर दिसलं नाही.

माझ्या हातात काय आहे? अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तिच्या चार ओळींचा हिशेब मी स्वतः लिहिणार आहे. दर महिन्याला किती टिकिटं यायची, किती तास जायचे, आता किती येतात, सगळं. कोणी वाचो न वाचो.

हे टाइप करत होतो तेवढ्यात ती टपरीवर आली. मला वाटलं मन दुखलं असेल, काहीतरी बोलावं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सर, तो साडेपाच तासांचा घोळ पगाराच्या रिपोर्टमध्येपण आहे वाटते. पाहू का?"

मी तिच्यासाठी एक चहा सांगितला आणि म्हटलं, पाहा.