एफ/२२ आणि एकच क्लिक? परागकण असे टिपता येत नाहीत

सोलापूरच्या हौशी फोटोग्राफरांच्या मोबाईलवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स) उलटी लावा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ/२२ इतकं बारीक ठेवा, फुलावर पाणी फवारा आणि झाडावरच एक क्लिक करा, परागकण स्पष्ट येतील.’ यातली उलटी लेन्स तेवढी ठीक आहे. बाकीचं ऐकून नवखे लोक आपलाच कॅमेरा वाईट समजतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘एफ/२२ ने सगळं शार्प येतं.’ चौपट मोठेपणाला (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या चौपट) प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर २२ × (१+४), म्हणजे एफ/११० होतं. विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो, त्यामुळे) एक बिंदू फुलावर मोजला तर सुमारे ०.०३७ मिमीचा ठिपका होऊन उमटतो. जास्वंदीच्या परागकणावरचे काटे त्याहून बारीक असल्याने ते पुसलेच जातात. एफ/४ ला हाच ठिपका ०.००७ मिमीच्या आत राहतो.

‘एक क्लिक पुरे.’ उलट्या लेन्सऐवजी मायक्रोस्कोपचं भिंग, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, कॅमेऱ्याला लावलं तरी ४एक्स, ०.१० एनए (भिंगाची उजेड गोळा करण्याची क्षमता) ऑब्जेक्टिव्हला फोकसची खोली मिळते जेमतेम ०.०५५ मिमी. म्हणून फोकस ०.०४ मिमीच्या पावलांनी सरकवत फोटो घ्या आणि ते नंतर एकत्र जोडा; या फोटोंच्या संचाला स्टॅक म्हणतात. २ मिमी खोलीला पन्नासेक फ्रेम लागतात. कॅमेरा पुढेमागे सरकवणारी साधी दातेरी रेल एवढी बारीक सरकत नाही. भंगारातल्या मायक्रोस्कोपचा फाइन फोकस ब्लॉक त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. फोटो जोडणाऱ्या झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती आहेत: एकमेकांवरून जाणाऱ्या केसांना पीमॅक्स वापरा, गुळगुळीत पाकळीला डीमॅप.

१६० मिमी ट्यूबच्या मायक्रोस्कोपसाठीचं ऑब्जेक्टिव्ह असेल तर त्याचा खांदा (आट्यांच्या बुडाशी असलेली टेकण्याची कड) ते सेन्सर हे अंतर १५० मिमी ठेवा. कॅनन ईएफ माउंटच्या कॅमेऱ्यात ४४ मिमी बॉडीतच जातात, ट्यूबसाठी उरतात १०६ (अडॅप्टरची जाडी धरून). ट्यूबला आतून काळी मखमल लावा, नाहीतर उजेड आत परावर्तित होऊन फोटो पांढुरका पडतो.

‘झाडावरच टिपा.’ मंगळवेढ्याच्या ज्वारीचे परागकोश बारीक तंतूंवर लोंबतात. पहाटेच्या झुळुकेनेही ते हलतात आणि सगळा स्टॅक वाया जातो. कणीस देठासह कापून पाण्यात ठेवून घरी आणा, देठ क्लेमध्ये घट्ट रोवा, पंखा बंद करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कापलेलं फूल फ्रेम घेता घेताच मलूल होत सरकतं. म्हणून सकाळीच उरका. फ्लॅश १/३२ पॉवरवर ठेवला की तो चटकन चार्ज होतो, चमकही अगदी क्षणिक असल्याने थरथर गोठते. मध्ये ट्रेसिंग पेपर हवाच, नाहीतर परागकणांवर पांढरे ठिपके जळतात.

‘पाणी फवारा.’ हे तर करूच नका. साध्या पाण्यात अनेक वनस्पतींचे परागकण फुगून फुटतात, उरलेल्यांचे गोळे होतात. धूळ असेल तर रबरी ब्लोअरने लांबून हलकेच उडवा. जवळून मारलात तर परागही जातील.