पहिल्या सहा आठवड्यांत खांद्याला कमी पडतं ते रक्त नव्हे

रोटेटर कफचं, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना हाडाशी जोडणारं फाटलेलं टेंडन (दोरीसारखा तंतुमय भाग) पुन्हा शिवण्याचं ऑपरेशन झालेल्यांपर्यंत एक संदेश हमखास पोचतो. त्याचा सारांश असा: टेंडनला रक्तपुरवठा नसतोच, स्लिंगमुळे (हात गळ्यात अडकवणाऱ्या झोळीमुळे) उरलंसुरलं रक्तही थांबतं, म्हणून दोन आठवड्यांत स्लिंग काढा, शेक-मालिश करा, हात उचलायला लागा, दुखणं थांबलं की टेंडन जुळलं समजा. हे ऐकून चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘टेंडनला रक्त नसतं.’ असतं, फक्त स्नायूपेक्षा कमी. या समजाचं मूळ जुनं आहे. बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांनी 1934 साली हाडापासून साधारण एक सेंटिमीटरवरचा भाग नाजूक ठरवला. 1970 मध्ये मृतदेहांच्या खांद्यांत द्रव सोडून पाहिलं, तेव्हा हात शरीरालगत असताना तिथल्या रक्तवाहिन्या रिकाम्या दिसल्या. पण पुढे जिवंत माणसांत मोजमाप झालं, तेव्हा काही अभ्यासांत फाटलेल्या कडेशी रक्त कमी असल्याचं दिसलं नाही, काहींत मात्र ते कमी दिसलं.

शिवाय ऑपरेशनने चित्रच बदलतं. टेंडन जिथे बसवायचं तिथलं हाड सर्जन खरवडतात, अँकरसाठी (टाक्यांचा दोरा हाडात पक्का धरणाऱ्या छोट्या खुंटीसाठी) भोकं पाडतात. त्यातून अस्थिमज्जेतलं रक्त आणि पेशी थेट जखमेत उतरतात. नंतरच्या डॉपलर सोनोग्राफीत सुरुवातीच्या आठवड्यांत तिथे भरपूर रक्तप्रवाह दिसतो. तो मुख्यतः हाडाकडून आणि भोवतालच्या आवरणातून येतो आणि काही महिन्यांत ओसरत जातो. रक्त न बोलावता आलेलं असतं!

‘स्लिंग रक्त अडवते.’ नीट बसवलेली स्लिंग कुठलीही धमनी दाबत नाही. ती टाक्यांवरचा ताण कमी करते. बोटं, मनगट, कोपर तर सांगितल्याप्रमाणे हलवायचेच असतात.

शेक-मालिशबद्दल जास्त बोलायला हवं. शेकाने मुख्यतः कातडीचा रक्तप्रवाह वाढतो. टेंडन खांद्यावरच्या जाड डेल्टॉइड स्नायूच्या खाली असतं. ब्लॉक (नसांजवळ भुलीचं इंजेक्शन) देऊन हात बधिर केलेला असेल तर कातडी भाजली तरी कळत नाही. आणि खरा प्रश्न टेंडनच्या हाडावरच्या पकडीचा आहे. पहिल्या आठवड्यात सूज, मग कच्च्या कोलॅजनचा (तंतुमय प्रथिनाचा) व्रण, आणि तो पक्का व्हायला कित्येक महिने. तोवर सगळा भार टाक्यांवर. जोर लागला की दोरा बहुधा तुटत नाही, तो टेंडनमधूनच कापत बाहेर येतो. पुन्हा फाटण्याचे बहुतेक प्रकार पहिल्या तीन ते सहा महिन्यांतले असतात.

संदेशात एक कण खरा आहे: लहान फाटीत फिजिओथेरपिस्टने हात लवकर हलवून दिला तर खांदा कमी आखडतो. पण दुसऱ्याने हलवून देणं वेगळं आणि स्वतःच्या ताकदीने उचलणं वेगळं. मोठ्या फाटीत तर हलवून देणंही सर्जनला विचारूनच.

‘दुखणं थांबलं की जुळलं.’ 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटीच्या 18 पैकी 17 जणांच्या सोनोग्राफीत टेंडन पुन्हा सुटलेलं होतं. तरीही वर्षभरानंतर बहुतेकांना आराम वाटत होता. तो आकडा मोठ्या फाटींचा आणि तेव्हाच्या पद्धतीचा आहे, पण वेदनेवरून टेंडनची अवस्था ओळखता येत नाही हे त्यातून स्पष्ट दिसतं.

रक्तपुरवठ्याची एवढी काळजी करणाऱ्या या संदेशात तंबाखूचा उल्लेखही नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि धूम्रपान करणाऱ्यांचं टेंडन जुळण्याची शक्यता कमी असते. रक्तासाठी काही करायचंच असेल, तर आधी सिगारेट सोडा.