सॅम्पल चालतात, भाडं नाही

‘खासगी गाडी कामासाठी वापरली की क्लेम गेलाच’ हे गाडीच्या विम्यावरच्या लेखातलं वाक्य सरसकट खरं नाही. पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्या वाचा. भाड्याने प्रवासी नेणं, मालवाहतूक, शर्यती यांना मनाई. पण सॅम्पल आणि स्वतःचं सामान त्या मालवाहतुकीत धरत नाहीत. म्हणून तर आम्ही एमआर मंडळी (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) सॅम्पलच्या बॅगा डिकीत टाकून नाशिक-धुळे बिनधास्त फिरतो.

लेखात राहून गेलाय तो शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्याचा मुद्दा. नुसता थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या हानीचा) असेल तर खासगी गाडीतल्या प्रवाशांची जोखीम त्यात येत नाही, भरपाई मालकाच्या खिशातून जाऊ शकते. साहेबांना सोबत न्यायचं तर पॅकेज पॉलिसीच (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचाही विमा) हवी. आणि कंपनी? किलोमीटरमागे पेट्रोलचे पैसे देते, प्रीमियमचं नाव काढत नाही!