आमचं रेशनचं कपाट

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर फर्निचर भिंतीपासून ओढून त्याची पाठ बघणाऱ्या माणसांबद्दल मला थोडं बोलायचंय. रविवारपासून बोलायचंय, पण घरात कुणी ऐकून घेत नाहीये.

आमच्याकडे एक जुनं ड्रॉवरचं कपाट आहे. इंग्लंडात आल्यावर सेकंडहँड दुकानातनं ६० पौंडाला घेतलेलं, ओकचं, चार खण, लाकडी मुठी. दुकानदार फक्त 'वॉरटाइम' एवढंच म्हणाला होता. बाकीचं म्हणजे ते एअरफोर्समधल्या ऑफिसरचं होतं, जाताना त्याने आईला लिहिलेली चिठ्ठी वरच्या खणात ठेवली वगैरे, हे मी दोन वर्षांत हळूहळू घातलं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. वरच्या खणाच्या आत एक शिक्का आहे, दोन गोल, दोन्हीचा एकेक घास कुणीतरी तोडल्यासारखे, आणि शेजारी ४१. ह्या ४१ वर माझा सगळा डोलारा उभा होता. "एक्केचाळीस साल! वरून बॉम्ब पडतायत आणि खाली सुतार रंधा मारतोय," असं म्हटलं की पाहुणे दोन सेकंद गप्प व्हायचे. तेवढं मला पुरायचं.

रविवारी मित्राबरोबर त्याचे वडील आले. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत, चौथा महिना चालू आहे, म्हणजे बघण्यासारखं सगळं बघून संपलेलं. उभी हयात सरकारी स्टोअरमध्ये गेलेली. माझं ऑफिसर-चिठ्ठी-बॉम्ब सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डेडस्टॉक नंबर कुठाय?" म्हणजे सरकारी सामानावर टाकतात तो नोंदीचा नंबर.

"काका, हे ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे."

"असू दे की. ऑफिसरला सरकारने दिलं म्हणतोस ना? मग नंबर हवा. नंबर नसेल तर एक तर माल सरकारी नाही, नाहीतर चोरीचा आहे. तुला कुठलं चालेल?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी स्वेटर काढला, घडी करून मुलाच्या हातात दिला, आणि मोबाइलचा टॉर्च लावून खण उपसायला सुरुवात केली. आता वरच्या दोन खणांत चादरी होत्या, त्याचं काही नाही. तिसऱ्या खणात माझे बनियन होते. बायको गेले वर्षभर टाकून दे म्हणतेय ते बनियन. काकांनी ते एकेक करून सोफ्यावर ठेवले, पाच पाहुण्यांच्या मधोमध, आणि एकातून टॉर्चचा उजेड आरपार गेला तेव्हा क्षणभर थांबून माझ्याकडे बघितलं. मग जमिनीवर उताणे झोपून डोकं कपाटात घातलं. आतून आवाज यायला लागला, "पाठीला हार्डबोर्ड आहे... खिळे नाहीत, लाकडात लाकूड बसवलंय, काम चोख आहे... बनवणाऱ्याचं नाव नाही. नाव का नाही रे?"

मला काय माहीत! पण बायकोने तोवर फोनवर शोधून काढलेलं. हिला मी लाइट बिल शोध म्हटलं तर तीन दिवस लागतात.

तिने मोठ्याने वाचलं. लष्कराचा माल असता तर त्यावर बाणाचा शिक्का असता. हा शिक्का 'युटिलिटी' फर्निचरचा. युद्धात लाकडाची टंचाई झाली म्हणून ब्रिटिश सरकारने १९४२ साली कमिटी नेमली, डिझाइनं ठरवून दिली, १९४३ ला त्याचा कॅटलॉग काढला. ठराविक कारखान्यांना परवाने, सगळ्यांनी तेच बनवायचं, म्हणून एकाचं कपाट दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. धातू लढाईला लागत होता म्हणून मुठी लाकडाच्या. आणि मिळायचं कुणाला, तर नवीन लग्न झालेल्यांना किंवा बॉम्बमध्ये घर गेलेल्यांना, तेही परमिटवर.

परमिट ऐकल्याबरोबर काकांचं डोकं कपाटातून बाहेर आलं. चेहरा उजळलेला.

"म्हणजे रेशनचं कपाट!"

झालं. पाच मिनिटांत सगळी मंडळी 'रेशनचं कपाट, रेशनचं कपाट' करत हसत होती. मी म्हटलं, ठीक आहे, पण एक्केचाळीस साल तर खरं आहे ना? तर बायको म्हणते, नाही, ४१ हा शिक्क्याचाच भाग आहे, फर्निचरची योजनाच नंतर आली आणि १९५२ पर्यंत चालली.

काकांनी बोटं मोजली. "युद्ध संपलं पंचेचाळीसला. म्हणजे हे युद्धातलं तरी आहे का, हेही नक्की नाही."

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, त्यात कपाट का नाही घातलं कुणी? आणि खरं सांगायचं तर त्या युटिलिटीवाल्यांचं मला कौतुकच आहे. गॉर्डन रसेलसारख्या नाणावलेल्या डिझायनरने त्यात लक्ष घातलेलं, नक्षी नाही, चोचले नाहीत, आजही खण एका बोटाने सरकतो. आमचं नवीन घेतलेलं, स्वतः जोडायचं ते कपाट तीन वर्षांत एका बाजूला कललंय, त्याखाली पुठ्ठा घातलाय, त्याची पाठ नाही कुणी बघत! बॉम्बमध्ये घर गेलेल्या एखाद्या बाईला हे मिळालं असेल, तर माझ्या त्या ऑफिसरपेक्षा तीच जास्त खरी. पण हे मी म्हणेपर्यंत लोक उठून बूट घालत होते, आणि बनियन सोफ्यावरच होते.

काकांनी मात्र खण एकेक करून नीट परत लावून दिले. मी म्हटलं राहू दे, तरी. मला वाटलं, चला, माणसाला वाईट वाटलं असेल.

काल तिसरा खण पूर्ण बाहेर काढला. आत, मागच्या फळीवर, सुबक मराठी अक्षरात लिहिलंय: 'डे. स्टॉ. क्र. १. तपासले.' खाली सही, तारीख. पेन्सिलने असतं तर खोडलं तरी असतं. बॉलपेनने लिहिलंय.